आईच्या केमोला 'नॅनो' औषध सांगितलंय. डोस दीडपट, आणि म्हणे साइड इफेक्टच नाहीत?

द्राक्षवाला_मोहाडी

मंडळी, राम राम. एरवी मी बागेच्या ग्रुपवर असतो, इथे पहिल्यांदाच लिहितोय. दिंडोरी तालुक्यात मोहाडीला सव्वातीन एकर द्राक्ष आहे.

आई ६१ वर्षांची. २०१९ साली स्तनाचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन, ती लाल केमो, केस जाणं, सगळं तेव्हा झालं. नंतर पाच वर्षं ठणठणीत होती, पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला चालत जायची. यंदा कंबर धरली म्हणून एमआरआय काढला तर हाडात उतरलेलं निघालं. बारा वर्षांपासून साखर आहे. तळपायांना मुंग्या येतात, रात्री पायाखाली ओला टॉवेल घेऊन झोपते.

वीस दिवसांपूर्वी नाशिकला पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाचा पहिला डोस सुरू केला. दहा मिनिटंही झाली नसतील, आईचा चेहरा लालबुंद, छाती आवळली, पाठीत कळ, "मला सोडा, मला सोडा" म्हणायला लागली. सिस्टर पळत आल्या, सलाईन बंद केलं, इंजेक्शनं दिली. अर्ध्या तासात सावरली. पण त्या अर्ध्या तासात मी काय झालो ते माझं मला माहीत.

आता डॉक्टर म्हणतात साधं द्यायचं नाही, नॅनो पॅक्लिटॅक्सेल देऊ. डॉक्टर चांगले आहेत, पण बाहेर पन्नास माणसं बसलेली, किती विचारणार? जास्तीचं काउंटरवरच्या पोराने समजावलं. "काका, नॅनो आहे, साइड इफेक्टच नाही. डायरेक्ट कॅन्सरच्या पेशीत जातं, बाकी शरीराला हातसुद्धा लावत नाही."

ही भाषा मी कृषी सेवा केंद्रात पंचवीस वर्षं ऐकतोय. अर्धा लिटर नॅनो युरिया म्हणजे ४५ किलोची गोणी, हेही असंच सांगितलं होतं. ज्या औषधाला साइड इफेक्ट नाही त्याला इफेक्ट तरी असतो का, असं आमचे वडील म्हणायचे.

मला कळत नाही ते असं. आधीच्या कागदावर डोस २६२ मिलिग्रॅम होता, नव्यावर ३९० आहे. औषध तेच, मग दीडपट का? रिअ‍ॅक्शन आलेल्या माणसाला जास्त डोस द्यायचा, हे कुठलं गणित? शिवाय हे इतके बारीक कण अंगात राहतात की जातात? आमच्याकडे प्रत्येक फवारणीला काढणीपूर्व किती दिवस थांबायचं ते ठरलेलं असतं, तसं याचं काही आहे का? दर खेपेला दहा-बारा हजारांचा फरक पडतोय. पैशाचं बघून घेऊ, पण शेजारचे म्हणतात हे सगळं अजून प्रयोगात आहे, आपल्यावरच ट्रायल करतात.

आणि एक. पंचवटीतल्या मावशीने 'नॅनो गोल्ड'चे थेंब आणून दिलेत. बाटलीवर सिंहाचं चित्र आहे. ते द्यायचे का?

पुढचा डोस मंगळवारी आहे.

---

मिक्सिंगवाली

दादा, मी नाशिकमध्येच एका रुग्णालयाच्या फार्मसीत केमोची औषधं तयार करते. चौदा वर्षं झाली. काउंटरवरच्या त्या पोराच्या वतीने आधी मीच कान पकडते. "साइड इफेक्टच नाही" हे वाक्य आमच्या खोलीत कुणी उच्चारलं तर त्याला मी दोन हातमोजे घालून आत उभं करीन.

तुम्ही द्राक्षवाले आहात म्हणून तुमच्याच भाषेत सांगते, माझं माहेर निफाडचं आहे. तुमच्याकडे फवारणीचं एकच औषध ईसीमध्ये (विरघळवलेलं) येतं आणि एससीमध्येही (पाण्यात बारीक कण तरंगत ठेवलेलं) येतं. रेणू तोच. ईसीमध्ये तो सॉल्व्हंटमध्ये विरघळवलेला असतो, सोबत इमल्सिफायर, म्हणजे ते पाण्यात मिसळवणारा पदार्थ. उन्हात मारलं तर पान भाजतं. ते भाजणं कित्येकदा मूळ औषधाचं नसतंच, सॉल्व्हंटचं असतं. बरोबर?

पॅक्लिटॅक्सेलचं अगदी हेच आहे. हा रेणू पाण्यात विरघळतच नाही. म्हणून साध्या पॅक्लिटॅक्सेलमध्ये तो क्रेमोफोर नावाच्या पदार्थात आणि अल्कोहोलमध्ये विरघळवतात. क्रेमोफोर म्हणजे एरंडेलावर प्रक्रिया करून केलेला इमल्सिफायर. याच जातीचे इमल्सिफायर कीटकनाशकांच्या ईसीतही वापरतात, तेव्हा तुमची त्याची ओळख जुनीच आहे. तुमच्या आईला पहिल्या दहा मिनिटांत जे झालं ते बहुतेक वेळा या एरंडेलवाल्या पदार्थामुळे होतं. म्हणूनच साध्या पॅक्लिटॅक्सेलच्या आधी डेक्सा (स्टिरॉइड), एव्हिल (अ‍ॅलर्जीचं) आणि अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन देतात. एवढं देऊनही काहींना होतंच. हा क्रेमोफोर इतका खट आहे की साध्या पीव्हीसीच्या नळीतलं प्लॅस्टिक मऊ ठेवणारं द्रव्यही ओढून रक्तात नेतो, म्हणून त्या औषधाला वेगळी नळी आणि मध्ये बारीक फिल्टर लावावा लागतो.

नॅनोवाल्यात काय केलंय, तर एरंडेल काढून टाकलंय. पॅक्लिटॅक्सेल अल्ब्युमिनमध्ये बांधलंय. अल्ब्युमिन म्हणजे आपल्या रक्तातलंच प्रथिन. असे साधारण १३० नॅनोमीटरचे कण. केसाची जाडी ढोबळमानाने ८० हजार नॅनोमीटर धरा, म्हणजे अंदाज येईल. अमेरिकेत याला २००५ साली मंजुरी मिळाली, आपल्याकडेही कितीतरी वर्षं रोज वापरात आहे. तेव्हा आईवर कुणी ट्रायल करत नाहीये. ट्रायल असती तर तुमच्याकडून वेगळ्या संमतीपत्रावर सही घेतली असती आणि औषधाचे पैसे घेतले नसते.

आता दीडपट डोसचं. तुमचा हिशेब बरोबर आहे. साध्याचा डोस शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला १७५ मिलिग्रॅम, अल्ब्युमिनवाल्याचा २६०. आईचं क्षेत्रफळ १.५ धरलं की २६२ आणि ३९०. फॉर्म्युलेशन बदललं की डोस बदलतो, तुमच्याकडेही एकरी मात्रा बदलतेच ना? क्रेमोफोर औषधाला रक्तातच स्वतःच्या थेंबांत धरून ठेवतो आणि त्रासही स्वतः देतो. तो गेला की जास्त औषध सहन होतं, आणि तीन तासांऐवजी अर्ध्या तासात देता येतं. पण म्हणूनच हे दोन कागद एकमेकांच्या जागी कधीही वापरायचे नाहीत. बाजारात 'नॅनो' लिहिलेली पॅक्लिटॅक्सेलची इतरही रूपं आहेत, काही पॉलिमरमध्ये बांधलेली. तीही आपसात बदलायची नसतात. मंगळवारी विचारा, "हे अल्ब्युमिनवालंच ना?" एवढंच. दर वेळी विचारा. स्टॉक संपला की दुसरं येतं.

आता त्रासाचं. माझा अनुभव असा की नॅनोत त्रास संपत नाही, जागा बदलतो. आईला जी लाल केमो दिली होती ना, डॉक्सोरुबिसिन, तिचंही चरबीच्या फुग्यात भरलेलं रूप आहे. १९९५ साली अमेरिकेत मान्य झालं, नॅनो म्हणता येईल असं कॅन्सरचं ते पहिलंच मोठं औषध. साध्या लाल औषधाने हृदयावर जो ताण येतो तो त्यात कमी झाला. मग काय झालं? हातापायांचे तळवे लाल होऊन सोलायला लागले. माझ्यासमोर एका बाईने बांगड्या काढल्या, मनगटापर्यंत कातडी कांद्याच्या सालीसारखी. आणि तिलाही पहिल्या सलाईनला काही मिनिटांत धाप लागली होती, म्हणून ते औषध सुरुवातीला अगदी सावकाश सोडतात.

तुमच्या आईच्या औषधात ही जागा म्हणजे पाय. २००५ साली ज्या अभ्यासावर मंजुरी मिळाली, साडेचारशेवर बायका होत्या, त्यात गाठी कमी झालेल्या बायकांचं प्रमाण अल्ब्युमिनवाल्यात ३३ टक्के आणि साध्यात १९ टक्के आलं. पांढऱ्या पेशी अगदी तळाला जाण्याचं प्रमाणही कमी, ९ विरुद्ध २२ टक्के. पण हातापायांच्या नसांचा तीव्र त्रास १० टक्क्यांना, साध्यात २. पुढे २०१५ साली आठशेच्या आसपास रुग्णांवर दर आठवड्याच्या डोसचा अभ्यास आला, त्यात नॅनो काही सरस ठरलं नाही, उलट नसांचा आणि रक्ताचा त्रास जास्त झाला. तिथे आठवड्याचा डोसही चढा होता, हे खरं. पण "नॅनो म्हणजे वरचढच" हे काही सिद्ध झालेलं नाही.

आईला रिअ‍ॅक्शन आलीय आणि साखर आहे. डेक्साने साखर उसळते, ती या औषधाला बहुधा लागणार नाही, हा मोठा फायदा. डॉक्टरांचा निर्णय मला पटतो. पण ओला टॉवेल पायाखाली घेऊन झोपते ही गोष्ट डॉक्टरांना सांगितली आहे का? ती इथे लिहिलीत, केस पेपरवर आहे का ते बघा. मंगळवारी पहिलं वाक्य तेच बोला. शर्टाची बटणं लावता येतात का, चप्पल पायातून निसटते का, हे दर वेळी सांगा. डोस कमी करणं, मध्ये थांबणं हे त्यांच्या हातात आहे, पण त्यांना कळलं तर.

एक गंमत सांगते, म्हणजे मंगळवारी घाबरू नका. हे औषध बाटलीत पांढऱ्या वडीसारखं येतं, एका बाटलीत १०० मिलिग्रॅम. ३९० म्हणजे तुमच्या आईला चार फोडाव्या लागणार. प्रत्येकीत २० मिली सलाईन घालायचं, पण वडीवर थेट सोडायचं नाही. सुई काचेच्या आतल्या भिंतीला टेकवून, निदान एक मिनिट लावून, हळूहळू ओघळू द्यायचं. मग पाच मिनिटं नुसतं ठेवायचं. मग अलगद कलथं-पालथं. ताक घुसळल्यासारखं हलवलंत की फेस येतो, आणि फेस बसेपर्यंत हात चोळत उभं राहायचं. नव्या मुलींना मी सांगते, हे औषध घाईच्या माणसाचं नाही. तयार झालं की पातळ दुधासारखं दिसतं. साधं पॅक्लिटॅक्सेल पाण्यासारखं स्वच्छ असतं, म्हणून नातेवाईक पिशवी बघून ओरडतात, "अहो, यात बुरशी आलीय!" दुधाळ असणंच बरोबर. गुठळ्या दिसल्या तर मात्र जरूर ओरडा.

रक्ताची तपासणी आधी होईलच. घरी गेल्यावर ताप १००.४ च्या वर गेला तर सकाळ व्हायची वाट बघू नका, रात्री दोनला असेल तरी गाडी काढा.

---

सातपूरचा_फिटर

ताईंचं ते "एकमेकांच्या जागी वापरायचे नाहीत" दादा, पाटीवर कोरून ठेवा. माझा भाऊ २०२१ च्या मे महिन्यात कोविडनंतर काळ्या बुरशीने पडला. तेव्हा त्यावरचं लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरेसिन मिळायचं नाही, जिल्हा प्रशासनाच्या यादीतून वाटप चाललेलं. मी चार दिवस फक्त फोन आणि रांगा. शेवटी साधं अ‍ॅम्फोटेरेसिन सुरू केलं. साध्यात भावाची खाट हलायची इतकी थंडी वाजायची, क्रिएटिनिन (किडनी बिघडल्याची खूण) रोज चढत होतं. मग लायपोसोमल आलं. तेच औषध चरबीच्या बारीक फुग्यात, किडनीला खूप सोपं. ते फरक मी डोळ्यांनी पाहिले, तेव्हा नॅनोला नावं ठेवणाऱ्यातला मी नाही.

पण ऐका. लायपोसोमलचा डोस किलोला ५ मिलिग्रॅम, भाऊ ६० किलोचा, म्हणजे ३००. साध्याचा किलोला एकच्या आसपास. दोन्हीची बाटली ५० मिलिग्रॅमची. कागदावर नुसतं लिहिलेलं "अ‍ॅम्फोटेरेसिन ३००". एका रात्री लायपोसोमल संपलं आणि वॉर्डातल्या नव्या मुलाने साध्याच्या सहा बाटल्या काढून ट्रेमध्ये मांडल्या. हिशेब बरोबर, सहा पन्नास तीनशे! रात्रपाळीच्या सिस्टरने बाटलीचा रंग बघितला म्हणून भाऊ आज सिन्नरला कामाला जातोय. तेवढं साधं औषध गेलं असतं तर हृदय बंद पडलं असतं, असं त्याच बाईंनी नंतर सांगितलं. दवाखान्याचं नाव घेत नाही, तेव्हा सगळेच गाळात होते.

पूर्ण नाव वाचा. बाटलीवरचं. दर वेळी.

---

गोदाकाठ_५२

नॅनो नॅनो काय करताय सगळे. आपली भस्मं म्हणजे नॅनोच की. सुवर्णभस्म आपल्या पूर्वजांनी कधीचं केलंय. मावशीने आणलंय तर द्या बिनधास्त, सोनं कधी कुणाला बाधतं का?

---

उंदीर_आणि_मी

मी फार्मसीत पीएचडी करते, नाशिकमध्येच. चरबीच्या नॅनोकणांत औषध भरून उंदरांना देणं हा माझा साडेतीन वर्षांचा संसार.

काका, तुमचं अर्धं बरोबर आहे, आणि ते अर्धं मला आवडतं. सुवर्णभस्मातले कण मोजले तेव्हा ५६-५७ नॅनोमीटरचे निघालेत, हे छापून आलंय. आणि भस्म झालं की नाही हे बघायच्या जुन्या कसोट्या, पाण्यावर तरंगलं तर वारितर, बोटांच्या रेषांत शिरलं तर रेखापूर्ण, या म्हणजे यंत्राशिवाय कण मोजायचीच युक्ती. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा आमचं चाळीस लाखांचं मशीन सोडून बोटांच्या रेषांकडे बघत बसले होते.

पण बारीक आहे एवढ्याने औषध होत नाही, आणि शुद्ध तर मुळीच नाही. २००४ साली छापून आलेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या बोस्टनच्या दुकानांतून दक्षिण आशियात बनलेली ७० आयुर्वेदिक औषधं घेऊन तपासली, त्यातल्या १४ मध्ये शिसं, पारा नाहीतर आर्सेनिक सापडलं. शास्त्रोक्त भस्म करणाऱ्या वैद्याचा तो दोष नाही. पण सिंहाच्या चित्राच्या बाटलीत काय आहे हे त्या सिंहालाच माहीत. दादा, केमो चालू असताना ते थेंब नकोत. यकृताला आत्ता एकच काम पुरे आहे. बाटली मंगळवारी सोबत न्या आणि डॉक्टरांना दाखवा, मावशीलाही वाईट वाटणार नाही.

आता "डायरेक्ट कॅन्सरच्या पेशीत जातं" याबद्दल. या एका वाक्यावर आमच्या क्षेत्रात तीस-पस्तीस वर्षं निघाली. १९८६ साली मात्सुमुरा आणि माएदा या जपानी संशोधकांनी दाखवलं की गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, त्यातून मोठे कण झिरपतात आणि आत साठतात. सगळ्यांना वाटलं, झालं काम. मग २०१६ साली टोरांटोच्या एका गटाने आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे अभ्यास एकत्र करून मोजलं. टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचणारे किती, मध्यक म्हणजे मधला आकडा? ०.७ टक्के. शंभरातला एकही नाही. तो पेपर आमच्या लॅबमध्ये आला त्या दिवशी कुणी चहा प्यायला गेलं नाही.

बाकीचे कुठे जातात ते मी रोज बघते. कणांत चमकणारा रंग घालून उंदराला देतो, मग कॅमेऱ्याखाली ठेवतो. दिवाळीतल्या आकाशकंदिलासारखं चमकतं ते यकृत. मग प्लीहा. गाठ शोधावी लागते. शरीर परक्या कणाला कचरा समजतं आणि यकृतातल्या सफाईच्या पेशी तो उचलतात. हे वाईटच असतं असं नाही, हे शरीराचं रोजचं काम आहे. प्रश्न असा की उचललेलं पचतं का.

दादांचा जो प्रश्न आहे ना, काढणीपूर्व किती दिवस, तो मला मुलाखतीत विचारला असता तर मी नापास झाले असते, इतका तो नेमका आहे. उत्तर कण कशाचा यावर अवलंबून. तुमच्या आईच्या औषधात अल्ब्युमिन आहे. रक्तात गेल्यावर ते कण लवकरच सुटे होतात, औषध अल्ब्युमिनला चिकटून फिरतं आणि पुढे यकृतातून बाहेर पडतं. खडा म्हणून मागे काही उरत नाही. चरबीचे फुगेही पचतात. कोविडच्या एमआरएनए लशींत असेच चरबीचे कण होते. त्या लशींनी क्वचित कुणाला तीव्र अ‍ॅलर्जी आली, पण तीही टोचल्यावर थोड्या वेळातच, म्हणून अर्धा तास बसवून ठेवायचे. पुण्यात जी एमआरएनए लस झाली, २०२२ साली मंजूर, तिची कमाल अशी की ती पावडर करून साध्या फ्रिजमध्ये राहते. माझा एक वाईट आठवडा आठवतो: सोमवारी ११० नॅनोमीटरचे सुंदर कण केले, बुधवारी रात्री लाइट गेली, गुरुवारी मोजले तर १८० आणि खाली गाळ. तेव्हा फ्रिजचं नाव काढलं की मला आदर वाटतो.

भीती आहे ती न पचणाऱ्या कणांची. थोरोट्रास्ट नावाचं औषध होतं, १९३० च्या दशकापासून एक्स-रेत रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून टोचायचे. थोरियम ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण. तेव्हा नॅनो हा शब्दसुद्धा रुळलेला नव्हता. टोचल्यावर काही त्रास नाही, फोटो झकास. पण ते कण यकृतात आणि प्लीहेत जाऊन बसले ते बसलेच, आणि थोरियम किरणोत्सर्गी. वीस-तीस वर्षांनी लोकांना यकृताचे कॅन्सर झाले. कार्बनच्या लांब नळ्यांबद्दलही २००८ साली उंदरांत अ‍ॅस्बेस्टॉससारखा दाह दिसला. म्हणून माझ्यासारख्यांना आता कण सोडल्यावर महिनोन्महिने यकृताचे काप बघत बसावं लागतं, आणि ते बरोबरच आहे.

आपल्याकडे नॅनो औषधं कशी तपासायची याची मार्गदर्शक तत्त्वं २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये आली, जैवतंत्रज्ञान विभाग, आयसीएमआर आणि औषध नियंत्रकांची मिळून. सार असं की ओळखीचं औषध नॅनो केलं तरी जुन्याच कागदांवर चालणार नाही, नव्याने सुरक्षितता दाखवा.

आणखी एक, हे कुणालाच माहीत नसतं. बाळंतपणात रक्त कमी असलं की सरकारी दवाखान्यात ते तपकिरी आयर्न सुक्रोजचं सलाईन लावतात ना? तेही लोहाचे नॅनोकणच. आपल्या कित्येक आया-बहिणींना नॅनो औषध कधीच मिळून गेलंय, फक्त बाटलीवर सिंह नव्हता.

---

द्राक्षवाला_मोहाडी

तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत, रात्री दोनदा वाचलं. एकदा आईला मोठ्याने.

ताई, ईसी-एससीवर ट्यूब पेटली. आणि पीएचडीवाल्या ताई, ते थोरोट्रास्ट वाचून मला २०१० आठवलं. त्या वर्षी आमची द्राक्षं युरोपात अडकली होती. वेलीची वाढ रोखायला मारतात त्या सीसीसीचे अंश सापडले. सगळे मारायचे, वर्षानुवर्षं मारायचे, मण्याला कधी डाग नाही, पानाला इजा नाही. तिकडे कुणी मोजलं नव्हतं तोवर सगळं छान होतं. माझेही पैसे त्यात बुडाले, लग्नाचं कर्ज त्यावर्षी फेडायचं होतं. तेव्हापासून मी फवारणीची वही ठेवतो. औषध, कंपनी, बॅच, तारीख, हवा कशी होती.

फिटर दादा, भावाला माझा नमस्कार सांगा.

एक राहिलं. आई माळकरी आहे. अल्ब्युमिन म्हणजे अंड्याच्या पांढऱ्यात असतं तेच, असं तिला भाच्याने सांगितलं. आता ती नाही म्हणतेय.

---

मिक्सिंगवाली

आईंना सांगा, अंड्याचं नाही. माणसाच्या दान केलेल्या रक्तातून काढलेलं अल्ब्युमिन असतं. रक्तातलं आहे म्हटल्यावर संसर्गाची शंका कुणी काढेल, तर दात्यांची तपासणी आणि पुढची प्रक्रिया यामुळे ती शक्यता फारच दुर्मिळ मानतात. बाटलीच्या कागदावर मात्र ती लिहिलेली असते, कारण लिहायलाच हवी.

आणि वहीचं ऐकून मी खूश झाले. बॅच नंबर मागून घ्या, नियमाने द्यायला हवा. काही विचित्र झालं आणि रुग्णालयाने मनावर घेतलं नाही तर औषधांच्या दुष्परिणामांची नोंद तुम्ही स्वतः करू शकता, भारतीय औषधसंहिता आयोगाचा टोल फ्री नंबर आहे, १८००-१८०-३०२४. तिथे बॅच नंबर विचारतात आणि शंभरातल्या नव्वदांकडे तो नसतो. हा नव्वदचा आकडा माझा, रागातला.

---

द्राक्षवाला_मोहाडी

झालं मंगळवारी.

डॉक्टरांना आधी टॉवेलचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं, आईचे पाय वर घ्यायला लावले, काटा घेऊन तळव्याला ठिकठिकाणी टोचून विचारलं, कळतंय का. डाव्या अंगठ्याला कळत नव्हतं. हे आम्हालाही माहीत नव्हतं. मग ३९० चं ३३० केलं, आणि पुढच्या खेपेला पाय बघूनच पुढचं ठरवू म्हणाले. बाटलीला सिंह बघून हसले आणि परत पिशवीत टाकली.

अल्ब्युमिन माणसाचं आहे म्हटल्यावर आई जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "कुणी दिलं असेल ते दिलं असेल. माणसाचं माणसाला चालतं."

पिशवी आली ती खरंच दुधासारखी. गुठळ्या बघायला मी इतका जवळ गेलो की सिस्टर म्हणाल्या, काका, चष्मा आत पडेल. सुरू झाल्यावर घड्याळ लावून बसलो. आठ मिनिटं. दहा. बारा. आई म्हणाली, "माझ्याकडे काय बघतोस, बाहेर जाऊन चहा पी." अर्ध्या तासात संपलं. डेक्सा नव्हतं, रात्री साखर १७८, एरवीच्या मानाने बरी.

आज चौथा दिवस. अंग दुखतंय, पायाच्या मुंग्या होत्या तेवढ्याच, ताप नाही. बॅच नंबर काउंटरवरच्या त्याच पोराकडून लिहून घेतला, त्याला वाटलं मी तक्रार करणार आहे. फवारणीच्या वहीत मागच्या बाजूने एक पान केलंय: तारीख, अल्ब्युमिनवालं, ३३०, बॅच, हवा ढगाळ. पुढची तारीख २१ दिवसांनी येतेय आणि नेमकी त्याच आठवड्यात गोडी छाटणी. मजूर सांगून ठेवलेत, बघू कसं जमतं.